गादी नदीत पडते ते प्रकरण

खीशा गेला तेव्हा नाईलच्या मुखाशी असलेल्या एज्बेत अल-बुर्ग गावात महिनाभर त्याच्याच गोष्टी चालल्या. जाळी दुरुस्त करणाऱ्यांच्या कट्ट्यावर, बेकरीच्या रांगेत, नदीपार जाणाऱ्या होडीत, जिथे दोन माणसं टेकली तिथे खीशाचा विषय निघायचा आणि त्याच्यामागून हसू. मग सार्डिनचा हंगाम आला, लोक कामाला लागले, दुसरी माणसं मेली आणि खीशाच्या गोष्टी थांबल्या. यात कुणाची चूक नव्हती. पण इन्शिराहला चूक कुणाची तरी असावीच लागते. नवरा मेला हे तिने सोसलं होतं. तो विसरला जातोय हे ती सोसणार नव्हती. शाळेचे गणवेश शिवता शिवता एके दिवशी तिने मशीन थांबवलं आणि सासूला सांगितलं,

"हाज्जा, मी त्याच्यावर पुस्तक लिहिणार."

हाज्जा तफीदा कोळंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "लिही. कागद स्वस्त झालाय का?"

इन्शिराह शाळेत गेलेली नव्हती. दोन लेकरं झाल्यावर ती प्रौढ वर्गात अक्षरं शिकली, आणि शिकली ती अशी की पुढच्या वर्षी त्याच वर्गात शिकवायला उभी राहिली. एकदा गावच्या बोटी परक्या बंदरात अडकवून ठेवल्या, तेव्हा नवरे सुटेपर्यंत बंदर कचेरीच्या दारात स्टोव्ह पेटवून मासे तळत बसणाऱ्या बायकांची पुढारी हीच. वासाने आतले कारकून हैराण झाले. गावात तिला दोन नावं होती. तोंडावर 'उस्ताजा', म्हणजे बाई, मास्तरीणबाई. आणि पाठीमागे 'स्टोव्ह', कारण पिन मारली की भडकायची. दुसरं नाव तिला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

पहिली काही प्रकरणं तिने कैरोतल्या एका प्रकाशकाला पाठवली. त्याचा फोन आला.

"बाई, लिहिता बरं. पण पैसे तुम्हाला भरावे लागतील, आणि हे घरगुती किस्से काढावे लागतील. कोळ्याची गोष्ट म्हटली की वाचकाला समुद्र हवा, वादळ हवं. गाद्या-उशा कोण वाचणार?"

"पैसे माझे, नवरा माझा, कष्ट माझे," इन्शिराह म्हणाली, "मग यात तुझं काय आहे रे? फोन तेवढा तुझा. ठेव तो."

म्हणजे फोन तिनेच ठेवला, पण गावात सांगताना ती असंच सांगायची. पुस्तक स्वतःच छापायचं ठरलं. गल्लीतल्या बायकांची भिशी होती, तिच्यातला आपला नंबर तिने पुढे ओढून घेतला. त्यामुळे झालं काय, की भिशीतली प्रत्येक बाई स्वतःला पुस्तकाची भागीदार समजायला लागली, आणि दुपारची असरची नमाज झाली की पैसे कुठे जातायत ते बघायला भाजी निवडायची परात घेऊन इन्शिराहच्या उंबऱ्यावर हजर व्हायला लागली.

पण 'घरगुती किस्से' हा शब्द तिच्या बोटात माशाच्या काट्यासारखा मोडून राहिला होता. दिसत नव्हता, पण सुई धरली की टोचायचा.

लिहिणाऱ्याला कुणीतरी खरं सांगणारं लागतं म्हणतात. इन्शिराहला ते पटत होतं. फक्त खरं ऐकल्यावर काय करायचं ते तिला जमत नव्हतं. औषधवाल्याच्या बायकोने एकदाच, तेही घाबरत घाबरत, "तिसरं प्रकरण जरा लांबलंय का गं?" असं विचारलं. त्यानंतर सहा महिने इन्शिराह डोकेदुखीची गोळीसुद्धा होडीत बसून नदीपलीकडून आणत होती. गल्लीने धडा घेतला. शेजारची अवातिफ तर प्रत्येक पानाला एकच शब्द म्हणायची, "मध! मध आहे मध! तुझे हात सलामत राहोत!" अवातिफ विजेच्या बिलालाही मधच म्हणायची, त्यामुळे त्याचा उपयोग नव्हता.

उरली एकटी हाज्जा तफीदा. ती तोंडावर बोलायची.

पहिल्यांदा वाचलं ते गादीचं प्रकरण. इन्शिराहच्या लग्नात तिचं सामान नदीच्या काठाकाठाने मिरवत चाललं होतं. पुढे ढोलकी, मागे भांड्यांची गाडी, तिच्यामागे कपाट, आणि सगळ्यांत वर नवीकोरी कापसाची गादी, गावाने बघावी म्हणून. वळणावर गाडी कलली आणि गादी नाईलमध्ये. बायका किंचाळल्या, मुलींनी जीभ फिरवून लग्नातले आनंदाचे चीत्कार काढले, कारण त्यांना वाटलं हा मिरवणुकीचाच भाग आहे. आणि खुद्द नवरदेव, कोळ्याचा मुलगा, कोळ्याचा नातू, काठावर उभा राहून पाण्याला हात जोडत ओरडत होता, "बाबांनो, कुणीतरी उतरा! मला जमायचं नाही! मी पडलो तर गादी पण जाईल आणि मी पण!" शेवटी त्याच्या सासऱ्याने उडी मारली. पहिले आठ दिवस नवराबायको चटईवर झोपली आणि गादी गच्चीवर वाळत होती, सगळ्या गावाच्या देखत.

परातीभोवतीच्या बायका हसून हसून आडव्या. अवातिफचं "मध" म्हणायचंही राहिलं. हाज्जाने ओढणीचं टोक तोंडाशी धरलं, आणि मग ओढणी काढून म्हणाली,

"राख. चुलीत घाल."

"काय?"

"राख म्हटलं. यात काय आहे? काही नाही यात. दुसरं वाच."

इन्शिराहचा स्टोव्ह भडकणारच होता, पण बहिष्कार टाकायला हे काही औषधाचं दुकान नव्हतं, सासू घरातलीच. ती रात्र तिने विचारात काढली. सगळं गाव गोड बोलतं. ही एकटी कडू बोलते. सून म्हणून तोंडदेखलं करायची हिला गरज नाही. म्हणजे खरं हीच बोलते. शिवाय तो काटा होताच बोटात: घरगुती किस्से. कैरोचा दीडशहाणा आणि घरची म्हातारी, दोघं एकच सांगतायत, म्हणजे काहीतरी असणार. सकाळी उठून तिने गादी काढली. फोनवर लिहायची ती. बोट दाबून धरलं आणि गादी गेली. कागदावरची प्रत हाज्जाने मासे साफ करताना खाली अंथरली.

मग हे असंच सुरू झालं. बंदर कचेरीपुढच्या स्टोव्हचं प्रकरण वाचलं, बायका भिंतीला टेकून हसल्या, हाज्जा म्हणाली, "फुकट. माश्या मारायला बरं आहे." तेही गेलं. खीशा बोटीवर स्वैपाकी होता आणि बोट लागायची म्हणून दीपस्तंभ ओलांडला की आधी पोटातलं सगळं समुद्राला देऊन मग भाताचं पातेलं चढवायचा, ते प्रकरण वाचलं. हाज्जाने जमिनीवर थुंकल्यासारखं केलं. "असलं घाणेरडं कुणी छापतं का? नरकात जाऊ दे ते." तेही गेलं. एक प्रकरण गेलं की त्या जागी इन्शिराह दुसरं लिहायची, जास्त भारदस्त. समुद्राचं वर्णन. गरिबीचं वर्णन. गरिबीने समुद्राला विचारलेले प्रश्न. हळूहळू खीशा उंच व्हायला लागला. त्याचे खांदे रुंद झाले. तिसऱ्या खर्ड्यात तो पोहायला शिकला. चौथ्या खर्ड्यात वादळ आलं.

ते वादळ लिहिताना इन्शिराहने स्वतःच दोनदा डोळे पुसले. आभाळ फाटलंय, डोलकाठी मोडलीय, सोबती रडतायत, आणि खीशा एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने सोबत्यांना वाचवतोय, आणि शेवटी लाटेबरोबर जातो. खरा खीशा शुक्रवारी सकाळी न्याहारी करून, चहाचा पेला खाली ठेवून, "जरा आडवा होतो" म्हणून आडवा झाला तो उठला नव्हता. पण पुस्तकाला असलं मरण शोभतं का?

वादळ वाचून झालं. बायका खाली मान घालून भाजी निवडत होत्या. अवातिफने मुलुखियाच्या भाजीची पानं खुडता खुडता एकदम कोवळ्या आवाजात "मध" म्हटलं. आणि हाज्जा तफीदा, जिने आयुष्यात सुनेच्या मिठालाही बरं म्हटलं नव्हतं, ती म्हणाली,

"वा! काय सुंदर! असं कुणी लिहिलंच नाही. काय तो गडी, काय त्याचे दंड! उत्तम! फार उत्तम!"

माशाल्लाह नाही, अल्लाचं नाव नाही, नजर अडवायला पाच बोटांचा पंजा पुढे करणं नाही. नुसतं उघडंनागडं कौतुक. परातीभोवतीच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. अवातिफच्या हातातून एक काडी पानासकट परातीत पडली. इन्शिराहने यातलं काही बघितलं नाही. ती हवेत होती. म्हातारीला जिंकलं म्हणजे जग जिंकलं. त्याच आठवड्यात तिने पुस्तक दुमियात शहरातल्या वगदीच्या छापखान्यात देऊन टाकलं.

वगदी लग्नाच्या पत्रिका, वकिलांची कागदपत्रं आणि मिठाईच्या दुकानांची खोकी छापायचा. पुस्तक त्याने आधी एकदाच छापलं होतं, कबुतरं पाळण्यावरचं. तो पानं जुळवायचा, तपासायला पाठवायचा, इन्शिराह लाल पेनाने रंगवून परत पाठवायची. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा पानं आली तेव्हा ती म्हणाली, आता शेवटचं एकदा सगळ्यांना वाचून दाखवते आणि छाप म्हणून सांगते.

बायका जमल्या. हाज्जा उशीला टेकून बसली. इन्शिराहने सुरुवात केली. समुद्र झाला, गरिबी झाली, गरिबीचे प्रश्न झाले. एक बाई उठून दूध बघायला गेली ती आलीच नाही. हाज्जा चुळबुळायला लागली.

"गादी कधी पडते?"

"कसली गादी?"

"नदीत पडते ती. लग्नातली."

"ते नाही आता. काढलं."

"काढलं म्हणजे?"

"काढलं म्हणजे काढलं, हाज्जा. तूच म्हणालीस."

"मी काय म्हणाले?"

"राख म्हणालीस. चुलीत घाल म्हणालीस!"

"मग म्हणणारच ना!" हाज्जा उशी सोडून ताठ बसली. "मग काय म्हणू? चार बायका समोर बसून दात काढतायत, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर, आणि मी म्हणू छान आहे, गोड आहे? म्हणजे लागू दे नजर आणि मरू दे? अगं, मी दोन मुलगे पुरलेत या हातांनी. दोन! चंद्राच्या तुकड्यासारखे होते, आणि मी वेडी, मी तसं बोलून दाखवायची. तिसऱ्याला शहाणी झाले. गोणपाट म्हणून नाव ठेवलं त्याचं, खीशा. तोंडाला काजळी फासली, दारोदार मागून आणलेल्या चिंध्या घातल्या, कुणी बघायला आलं की म्हणायचे, 'मेलं माकड, काय बघायचंय त्यात.' म्हणून तो जगला! तुझ्या नशिबी आला! आणि तुला एवढं कळू नये?"

"ते लेकरांचं असतं, हाज्जा! पुस्तकाला कुठली नजर?"

"का? पुस्तकाला काय जीव नसतो?"

कालच इन्शिराहने स्वतःच अवातिफला सांगितलं होतं की पुस्तकाला जीव असतो.

"आणि तो तर मेलाय," ती म्हणाली. "आता त्याला कुणाची नजर लागणार?"

"पुन्हा मरेल," हाज्जा म्हणाली. "आणि मारलंसच तू. बोट ठेवून मारलंस."

अवातिफने परात जमिनीवर ठेवली. "उस्ताजा, खरं सांगू? आम्हाला वाटलं तुला कळतंय."

"तू गप्प बस! मध म्हणे!" इन्शिराहचा आवाज चढला. मग काहीतरी आठवल्यासारखी ती थांबली. हातातली पानं तिने उलटली, मागे पुढे केली, आणि सासूकडे बघितलं. "थांब. आणि वादळ? वादळाला तू उत्तम म्हणालीस. दोनदा."

हाज्जा पाठीमागची उशी सारखी करायला लागली.

"हाज्जा."

"तो कोण गडी आहे," हाज्जा म्हणाली, "मला काय ठाऊक? दंड काय, सुकाणू काय! माझा खीशा बादलीत पाणी हललं तरी पोट धरायचा. तो कुणा दुसऱ्या बाईचा मुलगा आहे. त्याला लागली नजर तर लागू दे. तो गेला तरी माझं काही अडत नाही."

उंबऱ्यावर जे हसू उठलं ते बेकरीपर्यंत गेलं. इन्शिराहने पानं उचलली, आत गेली आणि दार आपटलं. पुढचे काही दिवस ती सासूशी बोलली नाही. भात वाढायची, पण पातेल्याशी बोलल्यासारखी, "कुणाला हवा असेल तर घ्यावा." हाज्जाही भिंतीला सांगायची, "मीठ कमी आहे." आणि मग दचकून, "म्हणजे खरंच कमी आहे."

रागाचा एक फायदा असतो, तो माणसाला जागं ठेवतो. मशीनवर बसून इन्शिराहने हिशोब मांडला. म्हातारीने चुलीत घाल म्हटलं, कबूल. पण चुलीत घातलं कुणी? हाज्जाला अक्षर येत नाही. फोनवर दाबलेलं बोट कुणाचं होतं? कैरोच्या माणसाला तिने फोनवर झाडलं खरं, आणि मग चोरपावलांनी त्याचंच सगळं ऐकलं. त्याला वादळ हवं होतं, त्याला वादळ दिलं. 'राख' हे निमित्त होतं. सासूचं नाव पुढे करून तिने स्वतःच नवऱ्याची लाज धरली होती. ज्या बाईने कचेरीच्या दारात मासे तळले, तिला पुस्तकात तळणाचा वास नको झाला होता.

हे कळल्यावर तिला फार राग आला. पण या वेळी भांडायला समोर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती दुमियातला गेली. वगदी गोंदाच्या डब्याशी झटत होता.

"उस्ताज वगदी, थांबवा. बदल आहे."

"मॅडम," वगदी डबा खाली ठेवून म्हणाला, "पहिल्यांदा बदल आणलात, मी काही बोललो? दुसऱ्यांदा आणलात, चहा पाजला. आता ईदनंतर लग्नं आहेत, माझी मशीनं रिकामी नाहीत. वीस वर्षं पत्रिका छापतोय, पानं जुळल्यावर बदल आला असं एकदाच झालंय."

"काय झालं होतं?"

"नवरदेव बदलला होता."

"मग माझंही तेच," इन्शिराह म्हणाली. "नवराच बदलायचाय. चुकून भलताच आलाय. खरा आणायचाय."

वगदीने तिच्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या तारखांकडे. "सापडायला किती दिवस लागतील तुमचा नवरा?"

"शोधते."

"लग्नांनंतर या. आणि मॅडम, एवढं बघा, लोक काडीमोड घेतानाही इतकं लिहीत नाहीत."

शोधणं सोपं नव्हतं. जुनं काही शिल्लक नव्हतं. फोनमधलं पुसलेलं, कागदावरचं माशांच्या आतड्यांबरोबर गेलेलं. पहिल्या दिवशी तिने गादी परत लिहायला घेतली आणि तीच वाक्यं आठवायचा हट्ट धरला. येईनात. दुसऱ्या दिवशी हट्ट सोडला आणि नदीकाठच्या त्या वळणावर जाऊन उभी राहिली. तेव्हा तिला वाक्यांऐवजी तो दिसला: एक पाय पाण्याकडे, एक पाय पळायच्या तयारीत, अंगावर भाड्याचा कोट. कोट भाड्याचा होता हे आधीच्या एकाही खर्ड्यात नव्हतं. पाण्यात उतरला असता तर कोटाचे पैसे भरावे लागले असते. म्हणजे भित्रा होता, पण निव्वळ भित्रा नव्हता. हे तिला इतक्या वर्षांनी, वळणावर उभं राहून कळलं.

प्रश्न उरला बाकीच्या राखेचा. हाज्जाने वर्षभरात बऱ्याच पानांना राख म्हटलं होतं. त्यातली नजर चुकवायला म्हटलेली किती आणि खरोखरची राख किती? अबोला मोडून ती सासूसमोर बसली.

"एकदाच सांग. खरंच वाईट काय होतं?"

हाज्जाने कानांवर हात ठेवले.

"हे वाईट होतं एवढं सांग. चांगलं कुठलं ते सांगू नकोस."

"वाह गं शहाणी. वाईट बाजूला काढलं की राहिलेलं आपोआप उघडं पडतं. मला फसवतेस?"

"अगं, मग मी कुणाला विचारू?"

"पुस्तक कुणाचं आहे?" हाज्जा म्हणाली, आणि कोळंबीची टोपली पुढ्यात ओढली. विषय संपला.

म्हणून इन्शिराहने आयुष्यात पहिल्यांदा दार लावून घेतलं आणि स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवलं. बाहेर उंबऱ्यावर भागीदार परात घेऊन ताटकळायच्या, हाज्जा काठीने दार वाजवायची, "चार शब्द तरी ऐकू दे!" पण दार उघडलं नाही. आत कुणी हसायला नव्हतं, कुणी मध म्हणायला नव्हतं, राख म्हणायलाही नव्हतं. पहिले दोन दिवस आपला आवाज तिला फार आवडला. तिसऱ्या दिवशी गरिबीचे प्रश्न वाचताना तिच्या लक्षात आलं की आपण वाचता वाचता गणवेशाच्या बाह्या मोजतोय. तिने प्रश्न कापले. समुद्राचं वर्णन वाचताना जांभई आली. तिथे ती थोडी अडली, कारण ते वर्णन तिचं लाडकं होतं, त्यात चंद्र होता. शिवणकामात एक गोष्ट ती मुलींना नेहमी सांगायची, की शिवण चुकली तर वरून दुसरी शिवण मारू नका, उसवा. सांगणं किती सोपं असतं! चंद्र उसवताना तिने फोनला शिव्या घातल्या, कैरोला घातल्या, चंद्रालाही घातल्या. पण उसवला.

आणि एक प्रकरण असं निघालं, तिच्या माहेरच्या लोकांचं, अगदी सुरुवातीचं, ज्याला हाज्जा राख म्हणाली होती. ते तिने तीनदा वाचलं, तीन वेगवेगळ्या वेळी, पोट भरलेलं असताना आणि रिकामं असताना. ती खरोखरची राख होती. म्हातारीच्या राखेत हीच पंचाईत; अधूनमधून खरीही सापडायची.

वादळ तिने सगळ्यांत शेवटी काढलं. मग त्या जागी शुक्रवारची न्याहारी लिहिली: फूल नावाची वालाची उसळ, कांदा, गरम रोटी, चहाचा पेला, आणि "जरा आडवा होतो." एवढंच लिहिलं आणि थांबली. पुढे काही जोडावंसं वाटलं नाही, हे तिला स्वतःलाच नवल.

लग्नं संपल्यावर पुस्तक छापून आलं. बेकरीत ठेवलं, जाळ्यांच्या दुकानात ठेवलं, औषधवाल्याकडेही ठेवलं. त्याची बायको प्रत हातात घेऊन काही न बोलता आत गेली, शहाणी बाई. काही दिवस गावात शांतता होती. इन्शिराह उंबऱ्यावर बसून आल्यागेल्याकडे रोखून बघायची. लोक घाईघाईने सलाम करून पुढे सटकायचे. हाज्जा म्हणायची, "लोकांना घाबरवू नकोस. वाचू दे."

मग एका दुपारी गल्लीच्या टोकापासूनच आरडाओरडा ऐकू आला. अबुल-मआती, ज्याच्या बोटीवर खीशा जन्मभर स्वैपाकी होता तो म्हातारा तांडेल, पुस्तक छातीशी धरून येत होता. त्याला वाचता येत नव्हतं; सुनेने वाचून दाखवलं होतं. मागून पाच-सात खलाशी.

"इन्शिराहबाई! हे काय लिहिलंयस? अल्लाला काही जबाब द्यायचाय की नाही?"

"काय झालं, तांडेल?"

"लिहिलंयस, दीपस्तंभ ओलांडला की खीशाला ओकारी व्हायची. दीपस्तंभ! अगं, तो दीपस्तंभापर्यंत टिकला असता तर मी त्याला मेडल दिलं असतं! दोर सोडायच्या आधीच व्हायचं त्याला! बोट बांधलेली असताना!"

"मला त्याने स्वतः सांगितलं होतं दीपस्तंभ."

"मग बायकोसमोर फुशारकी मारली त्याने!"

"माझ्या नवऱ्याला खोटारडा म्हणता? माझ्याच दारात?"

"नाही नाही, तांडेल," मागून एक खलाशी म्हणाला, "बांधलेली असताना नाही. इंजिन सुरू झालं की. तेलाच्या वासाने व्हायचं ते."

"तुला काय माहीत? तू तेव्हा दोर ओढत होतास!"

"आणि त्याच्या भातात लिंबू नसायचं," तिसरा म्हणाला, "हिने लिंबू लिहिलंय."

"असायचं! मी पिळायचो!"

"तू पिळायचास म्हणून कडू लागायचा!"

बघता बघता गल्ली भरली. अवातिफ परात घेऊन आली, बेकरीवाला पिठाच्या हातांनी आला. एकाने सांगितलं की खीशा ओकताना बिस्मिल्ला म्हणायचा, दुसरा म्हणाला नंतर म्हणायचा, आधी शिवी द्यायचा. कुणीतरी खीशाची नक्कल केली, पोट धरून, डोळे फिरवून, आणि तांडेल हसता हसता खोकायला लागला. आतून हाज्जाचा आवाज आला, "कोण म्हणतं माझ्या पोराला ओकारी व्हायची? सिंह होता तो समुद्रावर!" त्यावर हसण्याचा आणखी एक लोट उठला.

इन्शिराह कमरेवर हात ठेवून उभी होती. कान लाल झाले होते. आजवर कुणी तिच्या तोंडावर तिच्या लिखाणात असा हात घातला नव्हता, आणि इथे अर्धं गाव घालत होतं. पिन बसली होती, भडका उडणार हे सगळ्यांना दिसत होतं. पुढचे दोघे तर एक पाऊल मागे सरकले. तिने तांडेलच्या हातातलं पुस्तक हिसकावलं, दारातलं स्टूल पायाने पुढे ढकललं आणि ओढणीत खोचलेला शिवणाचा खडू सापडला तोच काढला.

"बसा. सगळे बसा. एकेकाने बोला. तांडेल, आधी तुम्ही. दोर सोडायच्या आधी, की इंजिन सुरू झाल्यावर?"

"अगं, त्याच्यावर लिहू नकोस! माझं पुस्तक आहे ते, विकत घेतलंय मी!"

"उद्या घेऊन जा," इन्शिराह पान उलटत म्हणाली. "अजून व्हायचंय ते."